मुळाशी जिवाणू, पानावर करपा: प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून

विषय पक्का झाला. मुळांवर राहणारे जिवाणू झाडाची प्रतिकारशक्ती जागी करतात का, आणि आपल्या भागातल्या हळदीच्या मुळांवर तसे जिवाणू सापडतात का. मॅडमनी एकच अट घातली: नुसती ड्युअल कल्चरची प्लेट दाखवून सुटका नाही.

अट पटली. डिपार्टमेंटच्या कपाटातली जुनी डिझर्टेशन्स दुपारभर चाळली. बऱ्याच जणांचा प्रयोग तोच. प्लेटच्या एका कडेला बुरशी, दुसऱ्या कडेला जिवाणू, मध्ये बुरशी न वाढलेली रिकामी जागा. ती फूटपट्टीने मोजायची, मिलिमीटर लिहायचे आणि जैविक नियंत्रण सिद्ध झालं म्हणून मोकळं व्हायचं. अहो, पण करपा पानावर येतो आणि तुमचा जिवाणू मुळाशी बसलेला! दोघांची गाठच पडत नसेल तर प्लेटवरच्या त्या मिलिमीटरांचा पानाशी काय संबंध?

ही गाठ न पडू देणं हीच या विषयाची सुरुवात आहे. १९९१ मध्ये व्हॅन पीर, निमन आणि शिपर्स यांनी कार्नेशनच्या मुळांना स्यूडोमोनास जिवाणू दिले आणि मर रोगाची फ्युजेरियम बुरशी खोडात टोचली. दोन्ही एकमेकांपासून लांब, तरी रोग कमी. त्याच वर्षी वेई, क्लोपर आणि ट्युझून यांनी काकडीचं बी जिवाणूंत भिजवून लावलं आणि पानावर करप्याची बुरशी सोडली. तिथेही डाग कमी. म्हणजे जिवाणूने बुरशीला हात लावला नव्हता, जे काही केलं ते झाडाने केलं. मला हेच आपल्या मातीतल्या जिवाणूंवर करून बघायचंय.

२५ जून

सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या बाजूला आप्पांच्या रानात नमुने घेतले. मळीचं रान, नदी फार लांब नाही. हळद अक्षय्य तृतीयेच्या सुमाराची, दोन-तीन पानांवर आलेली. खुरप्याने बाजूने माती काढून जेठ्या गड्ड्याला (लावलेल्या मूळ कंदाला) फुटलेली पांढरी मुळं मातीसकट पिशवीत घेतली, पिशवी बर्फाच्या डब्यात.

आप्पा बांधावर उभे राहून बघत होते. "पोरी, मुळ्या उपटून नेतीयास, कंदकुजीवर औषध काढनार व्हय?"

"औषध नाही आप्पा. मुळावर जिवाणू असतात, ते झाडाला आधीच सावध करतात का ते बघायचंय."

"म्हंजी राखणदार जागा करायचा, चोर मारायचा न्हाय."

पाठ्यपुस्तकातली व्याख्या यापेक्षा चांगली नाही. पुढे म्हणाले, "पर राखणदार जागा हाय का झोपलाय, ते आमी कसं वळकायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रकल्पाचा खरा प्रश्न हाच निघाला तर नवल नाही.

२७ जून

किंग्ज बी मिडियम ओतलं. एका लिटरला प्रोटिओज पेप्टोन २० ग्रॅम, ग्लिसरॉल १० मिलि, डायपोटॅशियम फॉस्फेट दीड ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट दीड ग्रॅम, अगार १५ ग्रॅम. १९५४ पासून ही रेसिपी तशीच चालत आलीय. यात लोह कमी असतं, ते मुद्दाम. लोह कमी पडलं की स्यूडोमोनास पायोव्हर्डिन नावाचं द्रव्य बाहेर सोडतो, ते लोहाला पकडून आणतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं.

मुळं झटकून सैल माती काढली. मुळाला चिकटून राहिलेली माती ती खरी रायझोस्फिअर (हिल्टनरने हे नाव १९०४ मध्ये दिलं). सलाइनमध्ये हलवून दहा-दहा पटीने पातळ करत प्लेटवर पसरली. २८ अंशाला ठेवली.

२९ जून

संध्याकाळी खोलीतले दिवे घालवून यूव्ही लॅम्प लावला. साध्या उजेडात सगळ्या कॉलन्या मळकट पांढऱ्या दिसत होत्या. लॅम्पखाली त्यातल्या मोजक्याच पिवळसर हिरव्या पेटल्या, आणि प्रत्येकीभोवती मिडियममध्ये फिकट प्रभावळ. लॅबचे मामा कुलूप लावायला आले होते, तेही वाकून बघत राहिले. "एवढं सगळं एका मुळीवर?" एवढं नाही मामा, हे हजारपट पातळ केल्यावरचं.

चमकणाऱ्या कॉलन्या उचलून नव्या प्लेटवर स्ट्रीक केल्या, म्हणजे रेघोट्या ओढून एकेक वेगळी केली. नावं ह-१, ह-२ अशी. ह म्हणजे हळद.

४ जुलै

आज वाचन. मॅडमनी विचारलेला प्रश्न: झाडाला मित्र आणि शत्रू कळतात कसे?

प्रामाणिक उत्तर असं की सुरुवातीला कळत नाहीत. जिवाणूची शेपटी, म्हणजे फ्लॅजेला, फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाची बनते. त्या प्रथिनाचा २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा झाडं ओळखतात, आणि तो मित्र-शत्रू दोघांकडे सारखाच सापडतो. ओळखणारा रिसेप्टर एफएलएस-२. तो २००० साली गोमेझ-गोमेझ आणि बोलर यांनी अराबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेत नेहमी वापरतात ते छोटं रोप) शोधला. तुकडा रिसेप्टरला लागला की पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, पेशीभित्ती जाड व्हायला लागते. पानावर असेल तर पर्णरंध्रं मिटतात. मेलोट्टो आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ते दाखवलं, आणि रोग करणारा स्यूडोमोनास सिरिंजी कोरोनॅटिन नावाचं विष सोडून ती रंध्रं पुन्हा उघडायला लावतो हेही. बुरशीच्या बाबतीत तिच्या पेशीभित्तीतल्या कायटिनचे तुकडे हेच काम करतात.

मग मुळावर लाखोंनी बसलेल्या मित्र जिवाणूंमुळे झाड सतत बोंब का मारत नाही? कारण मित्रही गप्प बसून येत नाहीत, आत शिरायला आवाज दाबतात. काही स्यूडोमोनास एक प्रोटिएज एन्झाइम सोडतात, ते सुट्या फ्लॅजेलिनचे तुकडे करून टाकतं, म्हणजे रिसेप्टरला ओळखायला काही उरत नाही. काही ग्लुकॉनिक आम्ल सोडून मुळालगतचा सामू (पीएच) खाली आणतात आणि मुळाचा प्रतिसाद मंदावतो; हे काम २०१९ चं आहे. मला त्यात रस यासाठी की आपली काळी माती चुनखडीची, सामू आठच्या आसपास. अशा मातीत आम्लाची ही युक्ती कितपत चालेल? मॅडम म्हणाल्या, "हा तुझ्या पीएचडीचा विषय, आत्ता नको." वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

११ जुलै

सगळे आयसोलेट, म्हणजे वेगळे केलेले ह-१, ह-२ वगैरे जिवाणू, ४२ अंशाला ठेवून बघितले. हे अनेक जण वगळतात आणि वगळू नये. स्यूडोमोनास एरुजिनोसासुद्धा किंग्ज बीवर चमकतो, मातीत सापडतो, बुरशीही दाबतो. पण तो माणसाला, विशेषतः भाजलेल्या आणि अशक्त रुग्णांना, गाठणारा जिवाणू आहे. तो ४२ अंशाला आरामात वाढतो. मला हवे असलेले स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स गटातले वाढत नाहीत. दोन आयसोलेट वाढले. एकाच्या प्लेटला निळसर हिरवा रंगही आला. दोन्ही ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने मारून) टाकून दिले. 'देशी जिवाणू' म्हणून बादलीत वाढवून रानात सोडणाऱ्यांनी एवढं तरी करावं.

१९ जुलै

तंबाखूची चाचणी. निपाणीकडून मैत्रिणीच्या मामांनी रोपं पाठवली होती, ती कुंडीत चांगली धरली. सुई काढलेल्या सिरिंजने पानाच्या खालच्या बाजूने, दोन शिरांमधल्या भागात जिवाणूंचं पाणी भरायचं. भरलेला भाग लगेच गडद, ओला दिसतो, तासाभरात ते पाणी वाळतं. जिवाणू झाडाला रोग करणारा असेल तर एका दिवसात तेवढाच चौकोन कोमेजून कागदासारखा पातळ होतो, कारण तिथल्या पेशी मुद्दाम मरतात आणि वाट बंद करतात. क्लेमेंटची ही चाचणी १९६३ ची. आजही हिच्याइतकी स्वस्त आणि भरवशाची दुसरी नाही.

२० जुलै

एकच चौकोन मेला, ह-५ चा. तो यादीतून बाद. बाकीच्यांना पानाने जाऊ दिलं.

२६ जुलै

नदी वाढतेय. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी किती यावरच कॉलेजात बोलणं. वीज येते-जाते. सगळे आयसोलेट ग्लिसरॉलमध्ये घालून डीप फ्रीजरमध्ये, एक संच मॅडमच्या घरी मिरजेला.

८ ऑगस्ट

ड्युअल कल्चर केलंच. परीक्षकांना दाखवायला लागतं, आणि तुलनेला मलाही हवं होतं. बुरशी अल्टरनेरिया, वाळवा तालुक्यातून आणलेल्या टोमॅटोच्या पानावरून वेगळी केलेली. लवकर येणारा करपा तो हिचाच, डागात एकात एक वर्तुळं.

ह-३ ने बुरशी लांबच थोपवली, मध्ये रुंद स्वच्छ पट्टा. मागच्या बॅचची असते तर इथेच प्रकल्प संपला असता. ह-११ च्या अंगावरून बुरशी सरळ चालून गेली. दोघांनाही पुढच्या प्रयोगात घेतलंय, ह-११ ला मुद्दाम. मागे बसलेल्या ज्युनिअर पोरांनी विचारलं, "दीदी, हा तर हरलाय, याला कशाला?" म्हटलं, हरलाय म्हणूनच.

२० ऑगस्ट

पाणी उतरल्यावर आप्पांच्या रानात गेले. भरणी झालेली, सऱ्यांमधून पाणी वाहून गेलंय, पण खालच्या अंगाला आठवडाभर साचून राहिलं होतं. तिथली पानं कडेकडेने पिवळी पडत खाली येतायत. एक फुटवा धरून ओढला तर अलगद हातात आला. बुडखा मऊ, तपकिरी, दाबला की घाण वास मारणारं पाणी. कंदकुज.

कारण पिथियम. त्याला आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण तो ऊमायसीट गटातला, द्राक्षावरच्या दावण्याचा नातेवाईक. पेशीभित्तीत सेल्युलोज असतं. त्याचे झूस्पोअर नावाचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून साचलेलं पाणी त्याला रस्ताच करून देतं. शिवाय पाण्याखालच्या मातीत हवा राहत नाही आणि आपले स्यूडोमोनास हवेवर जगणारे. म्हणजे एकाच पावसात शत्रू फोफावतो आणि राखणदार गुदमरतो.

आप्पांनी विचारलं, "तुझं ते पानी हितं घालू का?" नको म्हटलं. सडलेल्या गड्ड्याला आता कोणी जागं करून उपयोग नाही. चर काढून पाणी बाहेर काढा, सडलेले गड्डे उपटून रानाबाहेर न्या. ते म्हणाले, "ते तर माझा बा बी करत हुता." खरंय. या रोगावर निचऱ्याइतकं जुनं आणि खात्रीचं काही नाही, आणि माझ्या प्रकल्पाने त्यात फरक पडायचा नाही.

२ सप्टेंबर

प्रयोगाचं पीक टोमॅटो. हळदीला नऊ महिने लागतात, टोमॅटोचं रोप पाच आठवड्यांत तयार. कोकोपीट दोनदा ऑटोक्लेव्ह करून प्रो-ट्रेत भरलं, बी टाकलं.

दुसरीकडे ह-३ आणि ह-११ चे रिफॅम्पिसिन (एक प्रतिजैविक) सोसणारे बदललेले वंश निवडतेय. कोट्यवधी पेशी रिफॅम्पिसिनच्या प्लेटवर पसरल्या तर एखाद-दुसरी आपोआप बदललेली पेशी वाढते. ती खूण. पुढे मुळावर किंवा पानावर सापडलेला जिवाणू आपलाच की भलताच, हे त्या प्लेटवरून कळतं. बदललेले मूळ जिवाणूच्याच वेगाने वाढतात ना, हेही बघून घेतलं.

२२ सप्टेंबर

आळवणी. मिलिलिटरला १० कोटी पेशींचं पाणी, प्रत्येक रोपाच्या बुडाशी पिपेटने, पानाला थेंब न लागू देता. गट असे: ह-३, ह-११, उकळून मारलेला ह-११, आणि नुसतं पाणी. मारलेल्या जिवाणूंचा गट मॅडमच्या सांगण्यावरून. जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातल्या लिपोपॉलिसॅकराइडने काही झाडं सावध होतात हे कार्नेशन आणि मुळ्यावर दिसलेलं आहे. मेलेल्यानेही फरक पडला तर सावध करायचं काम निदान काही अंशी आवरणाचं, जिवंत जिवाणूच्या कामाचं नाही.

२९ सप्टेंबर

अल्टरनेरिया कल्चरवर बीजाणू द्यायला नाखूश. वरचा कापूस खरवडून प्लेट उघडी, उजेडात ठेवली तेव्हा कुठे आले. मायक्रोस्कोपखाली गदेसारखे, लांब चोचीचे, आडवे-उभे पडदे असलेले. ओळख पक्की.

६ ऑक्टोबर

पानं धुऊन ते पाणी रिफॅम्पिसिनच्या प्लेटवर घातलं. सगळ्या गटांच्या प्लेट स्वच्छ. मुळांचं पाणी घातलं तर ह-३ आणि ह-११ भरपूर. म्हणजे जिवाणू मुळाशीच आहेत, पानावर नाहीत. ज्या वाक्यावर हा सगळा प्रकल्प उभा आहे ते वाक्य आता लिहिता येईल.

९ ऑक्टोबर

सकाळी बुरशी सोडण्याआधी पेरॉक्सिडेजचं, म्हणजे झाडाच्या बचावात वाढणाऱ्या एका एन्झाइमचं, माप घेतलं. पानाचा अर्क, ग्वायाकॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड; ४७० नॅनोमीटरला शोषण वाचायचं. ग्वायाकॉलला चुलीच्या धुराचा वास येतो, बाटली उघडली की शेजारच्या लॅबमधून कुणीतरी विचारतंच काय जळलं म्हणून. एन्झाइम असेल तसा क्युव्हेटमधला (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीतला) रंग विटकरी होत जातो.

चारही गटांत फरक नाही. रोपांच्या उंचीतही डोळ्याला काही दिसत नाही. आप्पा इथे असते तर म्हणाले असते, राखणदार झोपलाय.

दुपारी बीजाणूंचं पाणी पानांवर फवारलं, रोपांवर पॉलिथिनच्या पिशव्या, आत ओल.

११ ऑक्टोबर

पुन्हा पेरॉक्सिडेज. नुसत्या पाण्याच्या गटात थोडं वाढलंय. ह-११ मध्ये क्युव्हेट रीडरमध्ये ठेवेपर्यंतच विटकरी झाली, अर्क आणखी पातळ करून पुन्हा वाचावं लागलं. ह-३ पाण्याच्या गटासारखाच.

परवा सगळे सारखे होते, हे इथे महत्त्वाचं. ह-११ ने झाडाला आधीपासून हत्यारं परजून बसवलेलं नाही. रोग आल्यावर झाड लवकर आणि जोरात उठलं. याला प्रायमिंग म्हणतात. सतत हत्यारं परजून बसणं झाडाला परवडत नाही, वाढ खुंटते. अराबिडॉप्सिसवर २००६ मध्ये व्हॅन हल्टेन आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं: प्रतिकार थेट चालू ठेवण्यापेक्षा प्रायमिंग झाडाला बरंच स्वस्त पडतं.

१५ ऑक्टोबर

डाग मोजले. पाण्याच्या गटात खालची पानं वर्तुळांनी भरलेली, काही पिवळी पडून गळायला आलेली. ह-३ मध्ये जवळजवळ तसंच. ह-११ मध्ये डाग कमी, आणि जे आहेत ते लहान. मध्यभागी तपकिरी ठिपका, बाहेरचं दुसरं वर्तुळ तयारच झालेलं नाही. मारलेला ह-११ दोघांच्या मध्ये कुठेतरी.

प्लेटवर जिंकलेला झाडावर काही करत नाही आणि प्लेटवर हरलेला करतो. एका ट्रेवरून नियम काढायचा नाही हे मला माहीत आहे. पण निव्वळ रिकाम्या पट्ट्यावरून जिवाणू निवडायची पद्धत किती आंधळी आहे, ते दाखवायला एवढं पुरे. ह-३ प्रतिजैविक तयार करत असणार. ते मुळालगतच्या बुरशीवर चालेल, पानावर पोचणार कसं? आणि ह-११ सारखे किती जिवाणू आजवर पहिल्याच प्लेटवर बाद करून बेसिनमध्ये ओतले गेले असतील!

१८ ऑक्टोबर

डीएबीने रंगवलेली पानं. अंधारात डायअमिनोबेंझिडीन शोषवायचं, मग इथेनॉलमध्ये उकळून हिरवेपणा घालवायचा. जिथे हायड्रोजन पेरॉक्साइड तिथे तपकिरी. पाण्याच्या गटात बुरशीचा धागा पुढे निघून गेलाय आणि तपकिरी रंग त्याच्या मागे, विखुरलेला. ह-११ च्या पानात धागा शिरला त्याच जागी दोन-चार पेशींच्या भित्ती गडद, बाकी पान दुधी पांढरं. मॅडमनी आयपीसवर मोबाइल धरून फोटो काढला आणि नेहमीप्रमाणे तो हलला. पुन्हा काढायचा आहे.

२५ ऑक्टोबर

मॅडमना ज्युनिअर्ससाठी एका पानात हवंय म्हणून लिहून ठेवते.

झाडाच्या अंगभर सावधपणाचे दोन रस्ते जास्त अभ्यासलेले आहेत. पहिला रॉसने १९६१ मध्ये तंबाखूवर दाखवला: एका पानाला मोझॅक विषाणू दिला तर बाकीची पानंही नंतरच्या हल्ल्याला भारी पडतात. यात सॅलिसिलिक आम्ल मुख्य. १९७९ मध्ये व्हाइटने तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचूनही विषाणूचे डाग कमी करून दाखवले. दुसरा रस्ता मुळावरच्या मित्रांचा. अराबिडॉप्सिसमध्ये तो जॅस्मोनिक आम्ल आणि इथिलीनच्या संकेतांवर चालतो, सॅलिसिलिक वाढलेलं दिसत नाही. एनपीआर-१ नावाचं प्रथिन मात्र दोन्हीकडे लागतं. ढोबळमानाने, जिवंत पेशीवर जगणाऱ्या रोगांना (दावण्या, भुरी) पहिला रस्ता भारी आणि पेशी मारून खाणाऱ्यांना (अल्टरनेरिया) व चावणाऱ्या किडींना दुसरा. दोन रस्ते बऱ्याचदा एकमेकांना दाबतातही. म्हणून सगळ्या रोगांवर एकच जिवाणू असं कुणी सांगितलं तर बाटली परत ठेवावी.

मला सगळ्यात आवडलेला भाग लोहाचा. दुसऱ्या रस्त्यात मुळातलं एमवायबी-७२ हे नियामक प्रथिन लागतं, आणि तेच लोहाच्या टंचाईतही चालू होतं. ते चालू झालं की मूळ स्कोपोलेटिन नावाचं कुमारिन बाहेर सोडतं. लोह मिळवायला त्याचा उपयोग होतोच. शिवाय काही रोगकारक बुरशींना ते झेपत नाही आणि सावध करणाऱ्या जिवाणूंना मात्र चालतं. म्हणजे झाड आपल्याला हवा तो शेजार निवडतं. हे २०१८ मध्ये स्ट्रिंगलिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. स्कोपोलेटिनही यूव्हीत चमकतं, निळं. आमच्या चुनखडीच्या रानात लोहाच्या कमतरतेने पानं पिवळी पडणं रोजचंच, तिथे हा दुवा कसा वागतो हे बघायला हवं. तेही मागच्या पानावर.

७ नोव्हेंबर

दिवाळीत तासगावला मावशीकडे. दादाची द्राक्षबाग फळछाटणीनंतर फुलोऱ्याकडे निघालेली, पहाटे दव, त्यामुळे दावण्याची धास्ती आणि एकाआड एक दिवस ब्लोअरने फवारणी. बोर्डो मिश्रणापासून (मिलार्देने १८८५ मध्ये जगापुढे आणलेलं, तेही द्राक्षाच्या दावण्यासाठीच) थेट आजच्या महागड्या आंतरप्रवाही बुरशीनाशकांपर्यंत सगळं शेडमध्ये. एका कोपऱ्यात स्यूडोमोनासचं पाकीट, पत्र्याखाली, उन्हाळ्यापासून पडलेलं. "हे मारलं होतं गं, काही फरक नाही."

विचारलं कधी मारलं, कशात मिसळून. पानावर डाग दिसल्यावर, तांबं असलेल्या बुरशीनाशकासोबत एकाच टाकीत. जिवाणू मारणाऱ्या तांब्यात जिवाणू! पाकीट घेऊन आले.

१२ नोव्हेंबर

पाकिटातलं पातळ करून किंग्ज बीवर घातलं. चमकणारी एकही कॉलनी नाही; वाढलं ते कोरडं, पांढरं, सुरकुतलेलं, बॅसिलससारखं. यात कंपनीला एकटीला दोष देत नाही. स्यूडोमोनास बीजाणू करत नाही, मे महिन्याच्या पत्र्याखाली तो टिकणारच नाही. बॅसिलस करतो, म्हणून तो टिकतो. दुकानदाराने फ्रीजमध्ये आणि शेतकऱ्याने सावलीत ठेवायची वस्तू पोत्यांच्या थप्पीत राहते आणि शेवटी नाव जिवाणूंचं खराब होतं.

दादाला फोन करून सांगितलं. म्हणाला, "मग पैसे परत देतील का?"

३ डिसेंबर

पुन्हा केलेल्या प्रयोगाचे निकाल. पहिल्या वाणात तेच चित्र. दुसरा वाण मुद्दाम घेतला होता, त्यात ह-११ चा फरक अगदी पुसट. मुळावर जिवाणू तेवढेच, पण झाडाने दाद दिली नाही. ज्युनिअर हिरमुसले. मला हे लपवायचं नाही, उलट वेगळं प्रकरण करायचंय. अराबिडॉप्सिसच्याही दोन जाती अशाच प्रकारच्या जिवाणूला दाद देत नाहीत हे १९९९ पासून माहीत आहे. वाण निवडताना आपण उत्पन्न, टिकाऊपणा, रंग बघतो; मुळावरच्या जिवाणूचं ऐकणारा वाण कोणता हे कुणी बघितलेलं मला तरी भेटलं नाही.

१४ डिसेंबर

आप्पांकडे गेले. हळदीचा पाला वाळायला लागलाय, काढणीला अजून अवकाश. खालच्या अंगाचं नुकसान झालं ते झालं, वरचं रान बरं आहे. निकाल सांगितला, वाणाचा घोळही सांगितला.

"म्हंजी टमाट्यात चाललं. हळदीत?"

"ते अजून बघितलंच नाही आप्पा. आणि तुमचा रोग गड्ड्याला होतो, पानाला नाही. तिथे जिवाणू आणि पिथियम एकाच जागी येणार, मग झाडाने अडवलं का जिवाणूने मारलं ते वेगळं करणं अवघड जाईल."

"आमाला काय करायचंय कुनी मारलं ते. गड्डा ऱ्हायला म्हंजी झालं."

त्यांच्या बाजूने बरोबर आहे. माझ्या बाजूने नाही, कारण मारणारा जिवाणू गड्ड्याजवळ सतत भरपूर लागतो आणि जागं करणारा योग्य वेळी आला तर थोडाही पुरतो. किती घालायचं, कधी घालायचं, खर्च किती, सगळं यावर ठरणार. तेव्हा मुळं दोन कुंड्यांत विभागून एका कुंडीत जिवाणू आणि दुसरीत पिथियम, अशी मांडणी करावी लागेल. हळदीची मुळं अशी विभागायला चांगली लांब आहेत.

आप्पा रानाचा कोपरा द्यायला तयार होते, पण रोग मुद्दाम लावणार म्हटल्यावर हात वर केले. "रानात रोग? पोरी, बेनं पायजे तर ने, गड्डं निवडून देतो. कुंड्या तुझ्या कालिजात." पिथियम रानात न्यायचा माझाही विचार नव्हता. काढणी झाली की न सडलेल्या वरच्या रानातले जेठे गड्डे ते बाजूला काढून ठेवणार, आणि एप्रिलच्या शेवटाला मी न्यायला जायचं. कुंड्यांना छिद्रं पाडून मधली जोडणी कशी करायची ते लॅबच्या मामांशी बोलायचं आहे. मागच्या वर्षी पाइपचे तुकडे त्यांनीच कापून दिले होते.